भिंतीवरचं जांभळाचं झाड

रविवारी धरणावर जाताना काय काय न्यायचं, ते मी फ्रिजच्या दारावर लिहून लावलं आहे. चटई, पाण्याच्या बाटल्या, सुरी, मीठ-तिखटाची डबी, जाड दोरी, हवा भरलेली ट्यूब. शेवटच्या दोन वस्तूंवरून घरात माझी थट्टा होते, कारण आमच्यात पाण्यात उतरणारं कोणीच नाही. पण काठावर इतरांची मुलं उतरतात, आणि दोरी घरी राहिली म्हणून हळहळत बसण्यापेक्षा ती गाडीत पडून राहिलेली बरी. यादीच्या तळाशी बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःच्या हातानं एक वस्तू वाढवली होती : झाडाचा कॅन.

धरण मोठं नाही. दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागा मागे पडल्या की दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेली मातीची लांब भिंत दिसते. पाण्याच्या बाजूनं दगड लावलेले, गावाच्या बाजूनं गवत. एका टोकाला सांडवा आहे. तलाव भरला की जादा पाणी तिथून ओढ्यात जातं. सुट्टीच्या दिवशी नाशिकची माणसं भिंतीवरून फिरायला येतात, फोटो काढतात आणि तिथे टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींकडच्या उकडलेल्या शेंगा खातात. मावशींचं घर भिंतीखालच्या वस्तीत. ही जागा आम्हाला सापडली ती सासूबाईंमुळे. आम्ही चालून येईपर्यंत त्या भिंतीच्या मधोमध पाण्याकडे तोंड करून बसायच्या. म्हणायच्या, "घरात मला कोणीही हाक मारतं. इथं काम असेल त्यानं चालत यावं."

त्या गेल्या तेव्हा रक्षा रामकुंडावर नेली, सगळे नेतात तशी. बाबांनी मात्र मूठभर रक्षा डब्यात मागे ठेवली होती. पुढच्या रविवारी त्यांनी त्या बसायच्या तिथेच खड्डा केला, रक्षा मातीत मिसळली आणि जांभळाचं रोप लावलं. जांभूळ अशासाठी की सासूबाई मीठ लावलेल्या जांभळांची वाटी कोणाला शिवू द्यायच्या नाहीत. हल्ली बरीच घरं असं झाड लावतात. कोणी शेताच्या बांधावर, कोणी सोसायटीच्या आवारात. आम्ही लावलं धरणावर, आणि त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही. येणारे जाणारे बाबांना नमस्कार करायचे. आठवड्याच्या मध्ये मावशी घागरभर पाणी घालायच्या. झाड बाबांच्या डोक्याच्याही वर गेलं.

मग एका दिवाळीनंतर आम्ही गेलो, तर झाडाच्या खोडावर चुन्याचा पट्टा होता. भिंतीवरच्या बाभळींवरही तसाच.

"ही खूण कोणी केली?" बाबांनी मावशींना विचारलं.

"पाटबंधाऱ्याच्या मॅडम आल्या होत्या. भिंतीवरची समदी झाडं काढायची हायेत म्हणत होत्या."

बाबा खोडाजवळ गेले. कॅन उघडला, खिशातला रुमाल ओला केला आणि खोड घासून स्वच्छ केलं. पुढच्या रविवारी पट्टा पुन्हा तिथेच, पहिल्यापेक्षा जाड. त्यांनी तोही पुसायला घेतला, तेवढ्यात एक तरुण बाई मोटरसायकल लावून भिंतीवर आली. याच त्या मॅडम, या धरणाची देखरेख करणाऱ्या अभियंता.

"काका, खूण तुम्ही पुसली का?"

"पाणी घालताना उडालं असेल."

"फक्त याच झाडावर?"

"पाणी फक्त यालाच घालतो."

मॅडम हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी झाडाखाली काय आहे ते सांगितलं. सरळ, आवाज न चढवता. मग म्हणाले, "ही भिंत माझ्या लग्नाच्याही आधीची आहे. एका जांभळानं तिला काय होणार?"

मॅडमनी वाद घातला नाही. "खाली येता का जरा? हात धरते," म्हणाल्या आणि आम्हाला गावाच्या बाजूच्या उतारावर घेऊन गेल्या. तिथे पूर्वी तोडलेल्या एका बाभळीचा बुंधा होता, कुजून भुसा झालेला. त्यांनी काठी खाली सारली, तर ती सरसर आत गेली. जिवंत मूळ माती पोखरतंच, पण झाड मेल्यावर मूळ कुजतं आणि त्या जागी पोकळ नळी उरते, असं त्यांनी समजावलं. तलाव भरला की पाणी तीच वाट धरतं, आणि वाहता वाहता वाट मोठी करतं. मातीच्या भिंतीला वरून वाहिलेलं पाणी जेवढं घातक, तेवढीच आतली ही गळती.

बाबांनी काठी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा घालून पाहिली. ते अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. नोकरीभर त्यांनी गळणारे सांधे घट्ट केले. पाणी काय करतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. फक्त त्या दिवसापर्यंत त्यांना ते बघायचं नव्हतं.

वर आलो, तर मावशी टोपली झाकून उभ्या होत्या. "बाबा, एक बोलू का?"

"बोला."

"पाणी मीच घातलं याला. आता मीच काढा म्हणायचं, ते बरं दिसत नाय. पण पावसाळ्यात आम्ही या भिंतीखाली निजतो. नातवंडं हायेत."

बाबांनी मान हलवली. "चला, उशीर होतोय," एवढंच माझ्याकडे बघून म्हणाले. उशीर काही होत नव्हता.

दिंडोरीपर्यंत ते गाडीच्या काचेतून बागा बघत होते. सुनेनं सासऱ्याला 'तुमच्या बायकोला तिथून हलवा' असं कोणत्या शब्दांत सांगायचं? शेवटी तेच म्हणाले, "आपल्या मोरीतला नळ किती दिवस गळत होता, आठवतं तुला?"

"आई रोज ऐकवायच्या."

"कंपनीचे नळ दुरुस्त करता आणि घरचा गळू देता, म्हणायची. आता धरणच गळायला लावलं तर मला सोडेल का ती?" थोडं थांबून म्हणाले, "तोडायचं नाही पण. हलवायचं. आणि पाणी दिसेल अशा जागी."

ही अट मी त्याच संध्याकाळी फोन करून मॅडमना कळवली. त्या म्हणाल्या, "काकांना सांगा, जागा मिळून शोधू." मॅडमनी मनात आणलं असतं, तर आधीच एखाद्या कामाच्या दिवशी, आम्ही तिथं नसताना, सगळी झाडं एका फटक्यात काढून टाकता आली असती. नियम त्यांच्या बाजूनं होता. त्या थांबल्या, हे मी विसरणार नाही.

भिंतीवर आणि तिच्या पायथ्याशी झाड चालणार नव्हतं. त्यांनी सांडव्याच्या पलीकडचं टेकाड सुचवलं. ते मूळचंच डोंगराचं, कोणी घातलेलं नाही. बाबा काठी टेकत वर गेले, वेगवेगळ्या ठिकाणी बसून पाहिलं आणि एका दगडाशी थांबले. "इथून दिसतं. चढ आहे थोडा." मग स्वतःशीच म्हणाले, "काम असेल त्यानं चालत यावं."

पुढचं काम माझ्या हातातलं होतं, म्हणून मला सोपं वाटलं. द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, एकदम उपटाल तर मरेल. आधी एका बाजूनं चर घेऊन मुळं तोडायची, काही आठवडे जाऊ द्यायचे, मग दुसऱ्या बाजूनं. तलावाचं पाणी खाली गेल्यावर, उन्हाळ्यात, मॅडमच्या देखरेखीखाली तसं केलं. पावसाच्या तोंडावर गोणपाट, सुतळी, फळ्या आणि चार दणकट माणसं गोळा केली. मातीचा गड्डा जसाच्या तसा उचलायचा, एवढंच बाबांचं सांगणं होतं. रक्षा त्या मातीत होती. गड्डा गोणपाटात बांधताना थोडी माती सांडली. बाबांनी ती रुमालात घेतली आणि नव्या खड्ड्यात स्वतः टाकली.

झाड लावून झालं आणि आम्ही निघायची तयारी करू लागलो, तर बाबा टेकाडावरून उतरून पुन्हा भिंतीकडे निघाले. जिथून झाड काढलं, तो खड्डा मॅडमची माणसं भरत होती. मुरमाचा एक थर, त्यावर पाणी, मग धुम्मस, लाकडी दांड्याचं जड ठोकणं. बाबा बघत उभे राहिले.

"तो कोपरा राहिला," म्हणाले.

"काका, होईल बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"द्या इकडे."

त्यांनी धुम्मस घेतलं आणि कोपऱ्यात ठोके दिले. दम लागला तेव्हा थांबले, तळव्यानं माती दाबून पाहिली आणि दांडा परत दिला. सासूबाई जिथे बसायच्या, ती ही जागा. तिथे आता काहीच असणार नव्हतं. मी रडले नाही, पण पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं गाडीकडे गेले.

झाडाच्या दोन फांद्या वाळल्या. बाकीचं झाड उभं आहे. जांभळं अजून लागलेली नाहीत, आणि लागतीलच अशी खात्री छाटणीवाल्यानं दिलेली नाही. आता चढावर कॅन मीच नेते. बाबा खालच्या दगडावर बसून मावशींच्या शेंगा सोलतात. मावशी त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत, यावरून दोघांचं दर वेळी भांडण होतं.

गेल्या पावसाळ्यात असा पाऊस लागला, की तिकडे जायची सोयच नव्हती. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर बाबा फोन घेऊन बसलेले. त्यांना झाडाची काळजी लागली असेल असं मला वाटलं, म्हणून मी म्हणाले, "मावशींना लावू का? झाड कसं आहे विचारते."

"लाव," ते म्हणाले. "पण आधी भिंतीचं विचार. नवीन मुरूम भरलाय ना, तिथं खाली पाणी झिरपतंय का बघायला सांग. झाडाचं नंतर."

मी फोन लावला. पलीकडून पावसाचा आणि मुलांच्या गलक्याचा आवाज आला. मावशी म्हणाल्या, "सकाळीच बघून आले. कुठंच पाझरत नाय. बाबांना सांगा, निवांत चहा प्या."