किल्ल्यातली कोरडी हवा

पाठ टेकून झोपलेली ताई मी कितीतरी वर्षांनी जोधपूरला पाहिली. धर्मशाळेची खोली होती, दोन लोखंडी खाटा आणि भाड्याने घेतलेल्या दोन रजया. उजाडता उजाडता मला जाग आली. रत्नागिरीत रोज याच वेळी जाग यायची, ती तिच्या छातीतल्या आवाजाने. त्या दिवशी कसलाच आवाज नव्हता, म्हणून मी दचकले. उठून तिच्या नाकाशी हात धरला.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "जिवंत आहे गो. झोप."

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मालगुंडला प्राथमिक शाळेत शिकवायची. तिशीनंतर तिला दमा लागला तो सुटला नाही. समुद्राकाठच्या त्या हवेत शाळा करणं जमेना, तेव्हा मुदतीआधी निवृत्ती घेऊन ती माझ्याकडे रत्नागिरीत राहायला आली. आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर चिऱ्याचं होतं. ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत त्याच्या भिंती हाताला ओल्या लागायच्या. ताई पाठीशी तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायची. कधी टेबलावर कपाळ टेकून. मी एका वाचनालयात ग्रंथपाल होते. घरी ताईचा श्वास ऐकायचा आणि कामावर पुस्तकांवरची बुरशी पुसायची, अशी माझी पावसाळ्याची विभागणी होती.

डॉक्टर एकदा सहज म्हणाले, "कोरड्या हवेत नेऊन बघा. राजस्थानात वगैरे." ते पुढच्या पेशंटकडे वळले आणि विसरले. मी विसरले नाही. जे पुस्तकात शोधता येतं ते करताही येतं, असा माझा तेव्हा समज होता. वाचनालयातून नकाशांचं पुस्तक घरी आणलं, रेल्वेचं वेळापत्रक आणलं, प्रवासवर्णनं वाचली. आमच्याकडे रेल्वे येऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. स्टेशनवर जाऊन थेट राजस्थानपर्यंतची तिकिटं काढता येतात याचंच मला अप्रूप होतं. जोधपूर, जैसलमेर, बिकानेर. पंधरा दिवसांची रजा, स्लीपरचा डबा, धर्मशाळा, आणि गावातल्या गावात पायी किंवा बसने. थांबत थांबत चढायचे किल्ले. वहीत मी प्रत्येक किल्ल्यापुढे "चढ" असं लिहून कंसात "सोपा" किंवा "ताईला विचारून" अशी नोंद केली होती.

एवढा अभ्यास करूनही वाळवंट म्हणजे ऊन हे आम्ही धरूनच चाललो होतो. आमच्या दोघींकडे मिळून एकही स्वेटर नव्हता. रत्नागिरीत स्वेटर कोण बाळगतो? डिसेंबरातल्या सकाळी जोधपूरच्या स्टेशनबाहेर आम्ही सुती साड्यांवर टॉवेल पांघरून उभ्या राहिलो, तेव्हा रिक्षावालेसुद्धा हसले. फूटपाथवर पुरुषांचे दोन जाड स्वेटर मिळाले. ताईचा गुडघ्यापर्यंत येत होता.

"आता मी हेडमास्तर दिसते," ती म्हणाली.

त्याच स्वेटरात ती दुसऱ्या दिवशी जोधपूरचा किल्ला चढली. मी वळणावळणावर थांबायला सांगत होते, ती बोलत होती. वर तटावर पोचल्यावर खाली निळ्या घरांचं गाव पसरलेलं दिसलं. ती त्याच्याकडे बघेचना. म्हणाली, "बघितलंस ना? बोलत बोलत चढले." स्वेटरच्या खिशातला दम्याचा पंप तिने वापरलाच नव्हता.

जैसलमेरला आम्ही सकाळी उतरलो. किल्ला स्टेशनवरूनच दिसतो, पिवळा, टेकडीवर ठेवल्यासारखा. इतर किल्ल्यांत माणसं बघायला जातात. इथे माणसं किल्ल्यातच राहतात, दळण आणतात, गाई बांधतात. अशाच एका घराच्या गच्चीवरची खोली प्रवाशांना दिली जायची, ती आम्ही घेतली. घर एका म्हाताऱ्या विधवेचं होतं. सगळे तिला माजी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

पहिल्याच दिवशी ताईने दोघींचे कपडे धुऊन गच्चीवर टाकले आणि चहा पिऊन येईपर्यंत ते वाळले. तिने साडी नाकाला लावली. मग माझ्या नाकाला लावली.

"वास बघ."

"कसला? काहीच नाही."

"तेच."

पावसाळ्यात आमच्याकडे कपडे चार चार दिवस दोरीवर असतात आणि अंगात घालताना कुबट वास मारतात. ताईने वाळलेले कपडे परत भिजवले. नुसते वाळताना बघायला. तिसऱ्यांदा बादली भरली तेव्हा माजी जिन्यातून ओरडली, "धोबन हो क्या? कितना पानी गिराती हो! किले की नींव में रिसता है. किला बैठ जाएगा तो कहाँ जाऊँगी?"

"हमारे इधर चार महिना कपडा सूखताच नहीं, माजी," ताई म्हणाली.

"तो पहनते क्या हो?"

"गीला."

माजी खालच्या पायरीवर बसून तोंडाला पदर लावून हसली. तेव्हापासून ती दुपारी ताईशी गप्पा मारायला गच्चीत येऊ लागली. पाणी प्यायला खालच्या चौकात माजीचं मडकं होतं. आम्ही येता-जाता त्यातून आपल्या हाताने घेत असू.

मी एकटीच एका सकाळी जैन मंदिराखालचं ग्रंथभांडार पाहायला गेले. काचेपलीकडे ताडपत्रावरच्या पोथ्या होत्या, शेकडो वर्षांच्या. अक्षर अगदी कालचं वाटावं असं. आमच्या वाचनालयात मी पाच वर्षांपूर्वी घेतलेली पुस्तकं वाळवीने आणि बुरशीने संपत होती. मी बराच वेळ काचेसमोर उभी होते. रखवालदार म्हणाला, इथे कुणी काही विशेष करत नाही, हवाच राखते.

परत आले तर ताई गच्चीत उन्हात पाय पसरून, माजीच्या डाळीतले खडे निवडत बसली होती. मला म्हणाली, "मी इथे राहते, बाय. उन्हाळ्यापर्यंत. बरं वाटलं तर पुढेही. बिकानेर तू एकटी बघून घे."

मला वाटलं, थट्टा करते. पण तिने विचार करून ठेवला होता. पेन्शन इथल्या बँकेत मागवायची, शेजारच्या मुलांना गणित शिकवायचं. तिच्या गालांना रंग आला होता. मी तिला अशी कधी पाहिलीच नव्हती, म्हणजे तिला दमा लागल्यापासून.

संध्याकाळी आम्ही माजीला विचारलं.

"महीनों के लिए? अकेली?"

"हां. टीचर थी मैं. पेन्शन है."

"टीचर अच्छी बात है." माजी म्हणाली. मग अगदी सहज, बसची वेळ विचारावी तसं तिने विचारलं, "कौन जात हो आप लोग?"

पाच दिवस हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्रवाशाला कुणी विचारत नाही. राहायचं म्हटलं की विचारतात. ताई म्हणाली, "बौद्ध."

"वो क्या, जैन जैसे?"

मला वाटलं, ताईने हो म्हणावं. खरंच वाटलं, आणि त्याच क्षणी लाजही वाटली. ताई म्हणाली, "नहीं माजी. मेरे बाप-दादा को गाँव के कुएँ से पानी नहीं भरने देते थे, वो लोग."

माजीने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "ऊपर का कमरा तो अलग ही है. चूल्हा अपना लगा लेना. बस मटके को हाथ मत लगाना, पानी मैं ऊपर से डाल दूँगी. मेरे को कुछ नहीं, बेटा. अड़ोस-पड़ोस है ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. ताईच्या पाठीवरून हात फिरवून ती उठली. त्या स्पर्शाचं काय करायचं हे मला आजही कळलेलं नाही.

वर आल्यावर ताई म्हणाली, "पाच दिवस त्याच मडक्यातलं प्यायलो. आता बिचारीला नवं आणावं लागेल." ती हसली. मी हसले नाही.

"सकाळी निघू," मी म्हटलं.

"मी राहते."

"त्या अटीवर?"

"अट मडक्याची आहे. हवेची नाही."

"बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"बाबांना दमा नव्हता, बाय."

आमचे वडील लहानपणी गावच्या विहिरीपासून बाजूला, ओंजळ धरून उभे राहायचे. कुणी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. त्यांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगताना हाताची ओंजळ करून दाखवली होती. आमच्या घराने धर्म बदलला त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. ताई शिकली, मी शिकले, ते त्या ओंजळीपासून लांब जाण्यासाठीच. मी हे सगळं त्या गच्चीत बोलले. चांगलं बोलले असणार, कारण ताई मधे काही बोलली नाही.

दुसरा दिवस आम्ही किल्ल्याखालच्या गावात खोली शोधण्यात घालवला. लॉजमध्ये कुणी काही विचारत नव्हतं, पण तिथे महिनोन् महिने राहणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. घरं होती तिथे एकट्या बाईला नको म्हणत, नाहीतर तोच प्रश्न. तिसऱ्या घराच्या पायरीवरून उतरताना ताई म्हणाली, "माजी तरी पाणी देणार होती."

तेव्हा मी म्हटलं, "मग राहा. राहा आणि घे वरून पाणी. मी जाते." मी हे ज्या स्वरात म्हटलं तो स्वर अजून माझ्या कानात आहे. तसा मी एरवी कुणाशीच बोलत नाही.

ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिच्यात भांडायला पुरेसा दम होता, आणि ती भांडली नाही. गच्चीवर जाऊन तिने दोरीवरचे कपडे काढले आणि घड्या घालायला लागली.

बिकानेर आम्ही पाहिलंच नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती, बोलत होती, मालगुंडच्या शाळेतल्या मुलांच्या गोष्टी सांगत होती. चिपळूण गेलं आणि बोगदे सुरू झाले, तसं तिचं बोलणं तुटक झालं. आमची हवा डिसेंबरातही ओलसरच. रत्नागिरी स्टेशन आलं तेव्हा ती गुडघ्यांवर तळवे रोवून, खांदे वर काढून बसली होती. बॅगा मी घेतल्या.

पुढे ती तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत जगली. त्या अडीच वर्षांत जैसलमेरचा विषय तिने काढला तो फक्त कपड्यांवरून, आणि तोही हसत. आलेल्या-गेलेल्याला सांगायची, "तिथे चहा होईस्तोवर साडी वाळते." माजीबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. मी बोलायचे. मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. पण माजीला कितीही दोष दिला तरी हिशेब माझ्यापाशी येऊन थांबतो. तत्त्व माझं होतं आणि फुप्फुसं तिची. मी चूक होते असंही मला म्हणवत नाही. तिने ओंजळ धरून उभं राहायचं, हे मला आजही सहन होणार नाही. आणि तिचं आज नसणंही सहन होत नाही. या दोन्हींच्या मधे उभं राहायला जागा कुठे आहे, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढात, ती इस्पितळात होती. नळीतून औषधाची वाफ घेत होती. बाहेर पाऊस धरून होता. खिडकी बंद असूनही चादर दमट लागत होती. मी अडीच वर्षं न विचारलेलं तिला विचारलं.

"ताई, तुला तिथे ठेवायला हवं होतं का गं मी?"

तिने तोंडावरचा मास्क बाजूला केला. बोलायला श्वास घेतला, तो पुरला नाही. तिने एक हात वर केला, थांब म्हणून, श्वास येऊ दे म्हणून. मी थांबले. तिचा हात तसाच वर होता, आणि ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. दोनदा ओठ हलले. मग नर्स आली, मास्क परत तोंडावर बसवला आणि मला म्हणाली, "त्यांना बोलायला लावू नका हो."

मी पुन्हा विचारलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.