ढावलोवर नाचलो तेव्हा

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही मैत्रिणींनी बंजारा नाच बसवला. आरशांचे घागरे मंगरूळपीरहून भाड्यानं आणले. गाणं मीच मोबाईलवर शोधलं होतं, डीजेचा ठेका जोडलेलं. मी बंजारा असले तरी वाढले वाशिम शहरात, तांड्यापासून लांब. आमची गोरमाटी बोली मला फारशी कळत नाही.

नाच रंगात आला, शिट्ट्या सुरू झाल्या आणि पुढच्या रांगेत बसलेली आई पदर तोंडाशी धरून हमसाहमशी रडायला लागली. मला वाटलं, कुणी गेल्याचा फोन आला. गाणं संपताच मी तशीच घागऱ्यात तिच्याकडे धावले.

"याडी, काय झालं?"

"हे ढावलो हाय बाई. नवरी सासरी जाताना साऱ्याइच्या गळ्यात पडून रडते, तवाचं. तू हासून काहून राह्यली होती?"

त्या रडण्यावर मी सगळ्यांसमोर कंबर हलवली होती.

"मग कसं असते ते, दाखव ना," घरी आल्यावर मी म्हटलं.

तिनं दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि जागच्या जागी डोलत लांब हेल काढला. आईचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.