या नावाचं इथे कोणी राहत नाही

माझे बाबा एकाहत्तराव्या वर्षी परदेशी गेले, तेही शिकायला. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, टिटवाळ्याच्या गणपतीला जातात. आमच्या बाबांनी मोडीतली जुनी पत्रं वाचायचा नाद धरला. त्यातही त्यांचा खास विषय मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीला समोरच्याला काय म्हणून हाक मारायची ते. वडिलांना तीर्थरूप, मुलाला चिरंजीव, सवाष्णीला वज्रचूडेमंडित. कोण कोणाला किती वाकून लिहितो त्यावरून घराची सगळी कुंडली कळते, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडातल्या एका ग्रंथालयात असे गठ्ठे पडून होते आणि तिथे ते वाचणारं कोणी नव्हतं. त्यांनी बाबांना सहा महिन्यांसाठी बोलावलं. बाबा दोन स्वेटर, माकडटोपी आणि भाजणीचा डबा घेऊन निघाले.

ठाकुर्लीच्या घरात मागे राहिलो आई आणि मी. मी घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर हेडफोन लावून कोणाला तरी हो हो म्हणत असतो. रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यातला अर्धा वेळ 'आवाज येतोय का' यातच जायचा आणि उरलेला वेळ त्यांचं नुसतं कपाळ दिसायचं. खरं बोलायचं ते पत्रातच, हा त्यांचा हट्ट. दर पंधरा दिवसांनी खालच्या टपालपेटीत पाकीट पडायचं. वर माझं नाव, आत 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद'.

पत्रं मात्र झकास असायची. एकदा त्यांनी खोलीत पिठलं केलं. फोडणीच्या धुराने भोंगा वाजला आणि अख्खी इमारत रस्त्यावर आली. बाबा थंडीत लेंगा आणि माकडटोपी घालून, हातात झारा घेऊन उभे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी आग कुठे लागली म्हणून विचारलं, तर यांनी त्यांना पिठल्याची कृती सांगितली. मी मोठ्याने वाचायचो. आई भाजी निवडत ऐकायची, हसायची, पण तिचं सगळं लक्ष शेवटाकडे असायचं. शेवटी एक ओळ ठरलेली. 'तुझ्या आईस सांगणे, गुडघ्यास तेल लावत जावे.' बस. पुढे सही.

जुन्या वळणाची माणसं अशीच लिहायची म्हणे. बायकोला थेट पत्र नाही, मुलाच्या पत्रात निरोप घालायचा. बाबांनी आईला कधी नावाने हाकही मारली नाही. 'अगं', 'ऐकलंस का', फार झालं तर माझं नाव घेऊन हाक मारायची आणि ओ तिने द्यायची.

चौथं पत्र वाचून झालं तशी आईने हातातली मेथी खाली ठेवली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, म्हणाली, कधी लांब गेले नाहीत म्हणून कधी पत्र आलं नाही, ते ठीक होतं. आता सातासमुद्रापार गेलेत, तरी माझ्या नावाचं पाकीट नाही. जगाचे मायने तपासतात आणि घरच्या बाईला लिहायला एक मायना सापडत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी दात काढले. म्हटलं, वज्रचूडेमंडित लिहून पाठवायला सांगू का? ती उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हे गमतीचं प्रकरण नाही. मी गुपचूप बाबांना मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. त्यानंतर पत्रंही थांबली. मला वाटलं, रागावले असतील. आई रोज काही ना काही निमित्त काढून खाली जायची आणि टपालपेटीत हात घालून बघायची. गुडघे दुखत असताना लिफ्ट बंद असली तरी जायची. मला ते बघवायचं नाही, आणि बघवायचं नाही म्हणून मी तिच्यावरच खेकसायचो.

मग एका रविवारच्या कॉलवर आई चहा टाकायला उठली, तेवढ्यात बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, काही मिळालं का. तिच्याच हातात पडावं म्हणून रजिस्टर केलंय, आतापर्यंत यायला हवं होतं. मी म्हटलं, काहीच आलेलं नाही. कोणत्या नावाने पाठवलंत?

बाबांनी एक नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण ते मी मंगळवारीच ऐकलेलं. मी मीटिंगमध्ये होतो आणि गेटवरच्या वॉचमनचा इंटरकॉम आला. आपल्या फ्लॅटच्या नंबरवर या नावाच्या मॅडमचं रजिस्टर आहे, पोस्टमन उभा आहे. आडनाव आमचंच, पण आमच्या आडनावाची सोसायटीत चार घरं. मी वैतागून म्हणालेलो, या नावाचं इथे कोणी राहत नाही, परत पाठव.

लग्नात तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहितात, तसं आईचंही लिहिलेलं. आधारवर, बँकेत, दारावरच्या पाटीवर, सगळीकडे तेच. मामा तिला माई म्हणतो. माहेरचं नाव कधीतरी कानावरून गेलंही असेल, पण मी ते लक्षात ठेवलं नाही. चाळीस वर्षांचा घोडा झालो, आणि आईचं नाव मला माहीत नव्हतं. मला माझीच भयंकर लाज वाटली.

आई चहा घेऊन आली तोवर बाबांचा कॉल कटला होता. मी सांगून टाकलं. आई, तुझं पाकीट आलेलं, मी परत घालवलं. तिने विचारलं, कुठल्या नावाचं? मी ते नाव घेतलं. तिने कप खाली ठेवला.

"त्यांना आठवतंय ते?" ती म्हणाली.

मी माफी मागायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. तुला कुठून माहीत असणार, म्हणाली, कोणी हाक मारली असती तर कळलं असतं. त्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

न दिलेलं रजिस्टर सात दिवस ठेवून परत पाठवतात, एवढं मला माहीत होतं. सोमवारी उघडताक्षणी आम्ही पोस्टात. पाकीट होतं. काउंटरवरच्या बाईंनी आधार मागितलं, बघितलं आणि मान हलवली. नाव जुळत नाही. माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला, तशा त्या शांतपणे म्हणाल्या की उद्या दुसऱ्याच्या हातात पाकीट दिलं तर तुम्हीच भांडायला याल. खरं होतं, पण ते पाकीट काचेपलीकडे दिसत होतं, त्यावर बाबांचं वळणदार अक्षर दिसत होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते परत जाणार होतं.

आईने मला बाजूला सारलं. पिशवीतून एक प्लॅस्टिकची फाईल काढली. तिच्यात आईच्या माहेरचा, खडवलीच्या शाळेचा दाखला होता, घड्यांवर झिजलेला. खाली तिच्या लग्नाची पत्रिका, त्यात तेच नाव आणि शेजारी बाबांचं. तिने दोन्ही कागद काचेखालून आत सरकवले आणि त्यांच्या बाजूला आधार ठेवलं, पतीचं नाव दिसेल असं. हे तिने कधी शोधून ठेवलं कोण जाणे. बाईंनी तिन्ही कागद नीट वाचले, चष्मा वर केला.

"ह्या तुम्हीच का?"

"मीच," आई म्हणाली.

सही त्याच नावाची करावी लागली. एकेक अक्षर तिने शाळेतल्या मुलीसारखं सुटं काढलं. मागे रांग खोळंबली होती.

घरी येऊन मी सवयीने वाचायला हात पुढे केला. तिने पाकीट दिलं नाही. खिडकीजवळ बसून एकटीने वाचलं, मग पहिल्यापासून परत वाचलं, मग पदराने चष्मा पुसला. मला राहवेना. विचारलं, एवढ्या मोठ्या विद्वानाने मायना काय घातलाय?

"मायना नाही घातला. नुसतं नाव लिहिलंय," ती म्हणाली.

दुपारी ती उत्तर लिहायला बसली. चार पानं झाली. पाकिटावर बाबांचा पत्ता माझ्याकडून घालून घेतला, पण मागे पाठवणाऱ्याचं नाव तिने स्वतः लिहिलं, ते जुनंच. पाकीट माझ्या हातात देताना म्हणाली, पोस्टात टाकायला जाशील तेव्हा खाली वॉचमनला सांगून ठेव, या नावाची बाई याच घरात राहते.

मी गेलो. वॉचमनने वही पुढे केली. आमच्या फ्लॅटच्या नंबरापुढे मी आईचं नाव लिहिलं.