शून्याचा कागद

कोड तपासणारा माणूस कोड वाचतो, हा माझा समज आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात कोड तपासायला बसवलेल्या माणसानं घालवला. आमच्या सी भाषेतल्या फायली तो तपासनीस प्रोग्राममध्ये टाकायचा आणि आलेले इशारे मोजायचा. कंस चुकीच्या जागी, ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब, असले इशारे. जवळच्या नांदे गावाहून बुलेटवर यायचा, हेल्मेट टेबलावर आपटायचा आणि म्हणायचा, "शून्य पायजे. बाकीचं मला सांगू नका." शून्य आलं की रिपोर्ट छापून बोर्डावर टाचायचा.

पंपाच्या कंट्रोलरचा कोड माझा होता. त्यात मी टीप लिहून ठेवली होती: टाकी रिकामी झाली तर पंप बंद व्हायला हवा, हे काम अजून बाकी आहे. ओळ लांब झाली आणि एक इशारा आला. मी जेवून येईपर्यंत त्यानं ती टीपच उडवली होती.

"अरे, ते काम राहिलंय," मी म्हणालो.

"इशारा राहिलाय का? न्हाई ना? मग झालं."

मीही दुसऱ्या कामाला लागलो.

दोन महिन्यांनी ग्राहकाचे पंप कोरडे फिरून जळाले. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं?" त्यानं शांतपणे रिपोर्ट पुढे सरकवला. "आपल्याकडनं शून्य हाय, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्या कागदाला मी शिव्या घालायचो. त्या दिवशी तो दोन्ही हातांनी धरला, नीट वाचला आणि म्हणालो, "हो सर, शून्यच आहे."