टँकात उतरायचं राहिलं तो दिवस

चौथीच शिकले, अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं, त्याची आधीच माफी मागते. आज नातीनं मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली आणि त्या वासानं आमच्या वस्तीचा जुना, उघड्यावरचा पोहण्याचा टँक आठवला. तो गळायला लागला म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून दुरुस्त केला होता. नवं पाणी भरलं त्या सकाळी ढोल वाजले, आणि वर्गणी भरणाऱ्या बायकांनी आधी उतरायचं ठरलं. माझी वर्गणी मोठ्या जाऊबाईंनी भरली होती. त्या शाळेत मास्तरीण, पगारवाल्या. लुगड्याचा काचा मारून त्या सुळकन पाण्यात गेल्या. "पाहा वं, माही मोठी सून!" सासूबाई शेजारणींना सांगत होत्या. तेवढ्यात जाऊबाई पाण्यातून ओरडल्या, "ये नं वं, तुहे पैसे मीनं भरले नं!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हेव्यानं माझं अंग पेटलं; मी काठावरूनच परतले. मग उन्हाळाभर लोकांचे पापड लाटले आणि वर्गणीचे पैसे जाऊबाईंच्या हातावर ठेवले. "कायले वं? मी त विसरूनच गेली होती," म्हणून त्या हसल्या. ते हसू आजही सलतं. पण पैसे पुरते फिटले होते, आणि त्याच संध्याकाळी बायकांच्या वेळेला मी गळ्याइतक्या पाण्यात उतरले.