दुसऱ्या मजल्यावरचं ठिबकणारं पाणी

कोलकात्यात दमदमच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बाबा आणि मी राहतो. मी शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी बाबांचे सांधे इतके धरले, की गरम पाण्याशिवाय त्यांना आंघोळ जमेना. गिझर लावला की जुन्या वायरिंगमुळे फ्यूज उडायचा. म्हणून मी हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारा हीट पंप आणला, कारण त्याला वीज कमी लागते. तो मागच्या गॅलरीत बसला.

हे यंत्र हवा गार करतं, त्यामुळे हवेतल्या वाफेचं पाणी होऊन ते खालच्या नळीतून ठिबकतं. बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "थोडंसं येईल, सुकून जाईल." पावसाळा नुकता सरला होता. कोलकात्याच्या त्या हवेत रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नव्हता!

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकीमा दारात उभ्या. एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. हातात आमच्या गॅलरीतून ठिबकलेल्या पाण्याने भिजलेली कांथा, म्हणजे जुन्या साड्यांचे थर टाक्यांनी शिवून केलेली गोधडी. लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या कापडावर पसरला होता.

"भाचीच्या बाळासाठी होती," त्या बंगालीत म्हणाल्या. "तीन महिने शिवत होते."

"काकीमा, उद्याच पाइप लावते," मी म्हटलं.

प्लंबरने सोपा मार्ग काढला. नळी गॅलरीच्या भिंतीलगत नेऊन न्हाणीघराच्या मोरीत सोडली. संध्याकाळी गॅलरीत पुन्हा पाण्याचं थारोळं. मी फोन केला, तर म्हणाला, "दीदी, होऊन जाईल." झालं काहीच नाही, आणि तो फिरकलाही नाही. मी यंत्र बंद केलं आणि बाबांसाठी स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पातेली उचलून नेऊ लागले.

"एक तर तुझे हात मोडतील, नाहीतर पातेल्याचे कान," बाबा म्हणाले. "पातेल्याची तरी काळजी घे."

रविवारी मी पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक यंत्राशी, दुसरं मोरीशी धरून पातळी पाहिली. मोरीचं तोंड यंत्राच्या नळीपेक्षा चार बोटं वर होतं. पाणी चढणार कसं? मार्ग एकच उरला: भिंतीवरून सरळ खाली, काकीमांच्या खिडकीशेजारून, मागच्या गटारापर्यंत.

"माझ्या खिडकीला पाइप नको," काकीमांनी ऐकताक्षणी सांगितलं. "गळला तर?"

"गळला तर मी काढून टाकेन. आधी एकदा बघा तरी."

त्या नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या वेळी त्यांच्या खिडकीतून वाकून बाहेरच्या भिंतीवर खडूने रेघ मारली: खिडकीपासून हातभर लांब. त्यांनी चष्मा लावून रेघ पाहिली.

"आणखी वीतभर सरकव," त्या म्हणाल्या.

मी सरकवली. शहरातल्या एस्प्लनेड भागातल्या दुकानातून जाड पाइप आणि तो भिंतीला धरायच्या पकडी आणल्या. या वेळी दुसरा प्लंबर बोलावला आणि पूर्ण वेळ त्याच्यापाशी उभी राहिले. प्रत्येक सांधा पाइपचं सोल्युशन लावून घट्ट बसल्याशिवाय पुढचा लावू दिला नाही. तो वैतागला, तरी मी हलले नाही. काम झाल्यावर वरून बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. खाली गटाराशी काकीमा वाकून उभ्या होत्या.

"येतंय!" त्या ओरडल्या. मग वर येऊन खिडकीतून हात पोचेल तो प्रत्येक सांधा तपासला. हात कोरडा राहिला.

कांथेवरचा रंग कशानेच निघाला नाही. दोनदा मी स्वतः धुऊन पाहिली. शेवटी काकीमा म्हणाल्या, "राहू दे. बाळाला काय कळतंय?" आणि ती तशीच घडी घालून भाचीकडे पाठवली.