हात कोणाचे थरथरतात

बाबांचे हात थरथरतात हा शोध आमच्या दादाने लावला, आणि तोही कार्लेखिंडीच्या उतारावर, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून. दादा खारघरला असतो. शनिवारी किहीमला येतो, मासे खातो, आम्हाला सुधारतो आणि रविवारी परत जातो. त्या दिवशी बाबांनी उतारावर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरचे त्यांचे दोन्ही हात थडथडायला लागले. घरी पोचल्यावर दादाने त्यांच्याकडून गाडीची चावी मागून घेतली आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाला, "बाबा, आता बास झालं ड्रायव्हिंग. एज झालंय. हात हलतात तुमचे, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

बाबांनी उभा जन्म न्हावा शेव्याला कंटेनरचे ट्रेलर चालवले. मागे घेताना ट्रेलर असा लावायचे, की बाकीचे ड्रायव्हर हातातला चहा तसाच धरून बघत राहायचे, असं ते सांगतात. निम्मं तरी खरं असावं. काम सुटल्यावर त्यांनी ही छोटी गाडी घेतली. चतुर्थीला पालीला जायचं, बाजाराला अलिबागला, गावात कुणाला बरं नसलं की दवाखान्यात. चावी गेली आणि ते ओट्यावर बसून राहिले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते दोन्ही तळवे समोर धरून बघत बसायचे. एकदा मला हळूच विचारलं, "बाय, खरंच हालतान काय गो माझं हात?"

हालत नव्हते. त्याच हातांनी ते काठोकाठ भरलेली बशी तोंडाला लावत होते आणि चहाचा थेंब सांडत नव्हता. मला दादाचा असा राग आला, की तो समोर असता तर ती बशी मी त्याच्या अंगावर ओतली असती.

माझं सासर शेजारच्याच आळीत. गाडीची दुसरी चावी माझ्याकडे असते, हे दादाच्या लक्षात नव्हतं. मी बाबांना बाजूला बसवलं आणि गाडी काढली. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग गप्प. खिंडीच्या उतारावर वेग आला, मी ब्रेक दाबला आणि चालू मिक्सरवर हात ठेवावा तसे माझे हात हलायला लागले. पायाखाली ब्रेकही ढकलल्यासारखा वरखाली होत होता. पाय उचलला, सगळं शांत. परत दाबला, परत तेच. मला हसूच फुटलं. बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा बाजूला असले की तू टेन्शन घेतेस. तुझी ग्रिप चुकते." म्हणजे आता घरात दोघांचे हात बिघडले होते आणि गाडी तेवढी ठणठणीत होती.

पोयनाडच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. हा माणूस बोलायला लागला की इंजिनसुद्धा बंद पडतं. कुठलंही दुखणं सांगा, त्याचं उत्तर तयार असतं: व्हील बॅलन्सिंग. आम्ही "ब्रेक मारल्यावरच" असं सांगत राहिलो आणि तो चाकांना शिशाचे तुकडे ठोकत राहिला. खिंडीत जाऊन आलो. स्टिअरिंग तसंच नाचलं, फक्त आता चाकं दागिने घालून होती.

दुसऱ्या खेपेला मी तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, ब्रेक उघडल्याशिवाय जाणार नाही. त्याने कुरकुरत पुढची चाकं काढली. आत ब्रेकची डिस्क असते, लोखंडी थाळीच ती, चाकाबरोबर फिरते आणि ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. त्याने तिला मापाचा काटा टेकवला आणि डिस्क हाताने फिरवली. काटा जागेवर राहायला हवा होता, तो पुढेमागे डोलत होता. दोन्हीकडे तेच, थाळ्या वाकलेल्या. पॅड धरायला जायचे तेव्हा ती वाकडी थाळी त्यांना हिसके द्यायची, आणि तेच हिसके स्टिअरिंगपर्यंत यायचे.

"गरम चाकावर पानी मारता काय तुम्ही? तापलेला लोखंड गार पान्याने वाकतो." त्याने विचारलं.

आता हे सांगायलाच हवं. दादा शनिवारी मित्रांना घेऊन बाबांची गाडी ओल्या वाळूवर फिरवतो, फोटो काढायला. स्वतःची नवी गाडी तो वाळूत घालत नाही, समुद्राचं खारं लागून पत्रा गंजतो. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्यानेच बाबांना पाण्याचा पंप आणून दिला होता आणि बजावलं होतं, गाडी आली की लगेच चाकं धुवायची, गरम असतानाच, खारं पटकन सुटतं. साहेबाचंही न ऐकणारे आमचे बाबा, पोराने प्रेमाने दिलेला पंप घेऊन प्रत्येक फेरीनंतर इमानाने तापलेल्या डिस्कवर विहिरीचं गार पाणी मारत होते. खाऱ्याची भीती आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांनाच, त्यामुळे कुणालाही यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

"मारतो की," बाबा म्हणाले.

"कोनी सांगितला हा शहाणपना?"

मी तोंड उघडलं. बाबा माझ्या आधी बोलले, "मलाच वाटला." ज्याने यांची चावी खिशात घातली त्याच्यावर त्यांनी पांघरूण घातलं. मला ते अजिबात आवडलं नाही, आणि रडूही आलं.

डिस्क घासून सरळ करण्याइतक्या जाड राहिल्या नव्हत्या. दोन्हीकडच्या नव्या घातल्या, पॅडही नवे. परतताना माझ्या चावीने बाबांनी गाडी चालवली. खिंडीत त्यांनी ब्रेक दाबला. स्टिअरिंग हललं नाही. घर आलं तरी बाबा न थांबता अलिबागपर्यंत जाऊन आले.

मी दादाला फोनवर सगळं सांगितलं, पंपासकट. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं, काहीतरी प्रॉब्लेम आहे."

शनिवारी तो आला. बाबा नुकतेच पालीहून आले होते, चाकं तापलेली होती. फोनवर सांगितलेलं कानाआड करून दादाने पंप चालू केला आणि पाइप उचलला. बाबा ओट्यावरून खाली उतरले आणि पंपाचं बटण बंद केलं. मग हात पुढे केला. "माझी चावी दे."

दादाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी खिशातून चावी काढली. ती त्याच्या स्वतःच्या चावीच्या कडीत अडकवलेली होती, आणि आम्ही सगळे बघत असल्यामुळे त्याला ती काही केल्या सोडवता येईना. बाबा हात पुढे धरून थांबले. तो हात जराही हलत नव्हता.

"सावकाश काढ," बाबा म्हणाले. "हात हालतान तुझं. एकदा डाक्टरला दाखवून घे."